मला दोघंही हवेत

डॉक्टर दारात येऊन उभे राहिले तेव्हा तिच्या हातात कुणाची तरी खालची कवळी होती आणि पॉलिशची मोटर सुरू होती. तिनं त्यांना ओळखलं. मोटर मात्र बंद केली नाही.

दातांच्या दवाखान्यांमागच्या गल्लीत तिची ही लॅब होती. भिंतीला लागून प्लास्टरचे साचे, खिडकीशी मेण वितळवायचा दिवा, आणि सगळ्यावर गुलाबी भुकटीचा पातळ थर. इथे पेशंट कधी येत नसत. दवाखान्यांतून मापं यायची आणि दात तयार होऊन परत जायचे. त्यामुळे खुर्ची एकच होती, आणि तिच्यावर ती स्वतः बसली होती.

"मी..." डॉक्टर म्हणाले.

"माहिती आहे तुम्ही कोण ते."

तिच्या नवऱ्याच्या मृत्यूच्या अहवालावर याच माणसाची सही होती. नवरा बस डेपोत मेकॅनिक होता. मागच्या खिशात सदैव पाना, म्हणून सगळा डेपो त्याला पानाच म्हणायचा. चिडली की आईसुद्धा त्याच नावानं हाक मारायची. बसवाल्यांचा संप चिघळला, शहर ठप्प झालं, आणि तेव्हा सरकारचे प्रमुख असलेल्या साहेबांनी भर सभेत सांगितलं की, हा संप मी मोडून दाखवतो. त्यानंतर लगेच पोलिसांनी पानाला डेपोच्या फाटकातून उचललं. तसा तो संपाचा पुढारी नव्हता. फक्त त्याचं बोलणं लोकांना पटायचं.

दुसऱ्या दिवशी त्याला घरी आणलं ते झाकूनच. अहवालात हृदयविकाराचा झटका लिहिला होता. शर्टाची बटणं पार गळ्यापर्यंत लावलेली. सासूबाईंनी ती एकेक करून काढली, आत काय आहे ते बघितलं आणि परत लावली. तेव्हापासून त्या दोघी एका छपराखाली राहत होत्या आणि एकाच गोष्टीची वाट बघत होत्या. ते बोलून दाखवायची गरज त्यांना पडत नव्हती.

आता वारं फिरलं होतं. साहेबांचं सरकार पडलं, पक्ष फुटला. नव्या सरकारला सोयीचं वाटलं म्हणा, लाज वाटली म्हणा, जुना तपास पुन्हा उघडला. आरोपी झाले ते साहेब, कोठडीवरचा पोलीस अधिकारी आणि डॉक्टर. खटला उभा राहण्याआधीच पोलीस अधिकारी यकृत सडून गेला. ती बातमी ऐकली तेव्हा सासूबाई भाजी चिरत होत्या. सुरी तशीच धरून त्या एवढंच म्हणाल्या, "सुटला मेला."

आणि आता हे डॉक्टर. सरकारी रुग्णालयाचे तेव्हाचे प्रमुख, आज स्वतःच्या मोठ्या हॉस्पिटलचे मालक. केस पिकलेले, बूट मात्र आरशासारखे.

"मला माफीचा साक्षीदार व्हायचंय," ते म्हणाले. "जे घडलं ते सगळं सांगणार आहे. साहेबांचं नाव घेऊन सांगणार आहे. पण कोर्ट तुमचंही म्हणणं विचारेल. तुम्ही विरोध केलात तर..."

"मोठ्यानं बोला. मोटर चालू आहे."

"तुम्ही विरोध करू नका, एवढंच..."

"काय?"

"मला माफी हवीय!" डॉक्टर ओरडले. शेजारचा घड्याळं दुरुस्त करणारा डोळ्यावरचं भिंग वर करून बाहेर डोकावला. डॉक्टरांचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. तिला ते पाहून इतकं बरं वाटलं की तिनं कवळी उलटी करून दुसऱ्या बाजूनं पॉलिश करायला घेतली.

मग तिनं मोटर बंद केली. "नीट ऐका. वकिलांशिवाय मी तुमच्याशी एक अक्षर बोलणार नाही. उद्या साहेबांचा वकील म्हणायचा, बाईनं साक्षीदार पढवला. निघा इथून."

"मी तेव्हा फार घाबरलो होतो हो."

"ते जिथे सांगायचं तिथे सांगा. दार ओढून घ्या जाताना."

घरी टीव्हीवर साहेब होते. कुठल्याशा कार्यक्रमात फीत कापत होते. खटला चालू असला तरी फिती कापायला बंदी नव्हती. साहेब दिसले की सासूबाई कधीच टीव्ही बंद करत नसत. चष्मा पुसून पुढे सरकून बसत.

"कशाला बघता आई?" तिनं एकदा विचारलं होतं.

"तब्येत बघते त्याची. कोर्टात उभा राहायच्या आत मरायला नको."

ती चपला काढताना म्हणाली, "आई, आज डॉक्टर आला होता लॅबवर." आणि सगळं सांगितलं.

सासूबाई साहेबांवरची नजर न काढता ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "साहेबानं सांगितलं. ते पाप त्याचं. पण लिहिलं कुणी? ज्यानं माझ्या पोराच्या छातीवर हात ठेवून बघितलं त्यानं. त्याला दिसत होतं गं सगळं. मला अडाणी बाईला दिसलं, त्याला दिसलं नसेल?" त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला. "मला दोघंही हवेत."

"मलाही, आई."

"मग झालं तर. जेवायला बस."

पण झालं नव्हतं. वकीलबाईंच्या ऑफिसात दुसऱ्याच दिवशी त्यावर पाणी पडलं. वकीलबाई या खटल्यात पहिल्यापासून या दोघींच्या बाजूनं उभ्या होत्या. फी मागितली नाही आणि खोटी आशाही कधी दाखवली नाही. टेबलावर फायलींचा ढीग, ढिगावर अर्धं खाल्लेलं सफरचंद.

"सरळ सांगते," त्या म्हणाल्या. "पोलीस अधिकारी गेला. त्या वेळचे फोनचे तपशील नष्ट केलेत. कोठडीतले बाकीचे पोलीस म्हणतात, आम्हाला काही आठवत नाही. साहेबांचा आवाज त्या दिवशी कानांनी ऐकलेला आता जगात एकच माणूस उरलाय."

"डॉक्टर."

"डॉक्टर. तो आरोपी राहिला तर तोंड उघडणार नाही. कशाला उघडेल? मग साहेब निर्दोष सुटतील आणि हा दोनचार वर्षं आत बसून येईल, खोट्या अहवालासाठी. त्याला माफी दिली तर साहेब जातील. दोन्ही मिळणार नाही तुम्हाला."

सासूबाई कोपऱ्यात बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "हा कसला कायदा हो? एक चोर धरायचा तर दुसऱ्याला सोडायचं?"

"असाच आहे, आजी. मलाही आवडत नाही."

तिनं सफरचंदावरची नजर काढली. मग विचारलं, "या माफीत नक्की काय काय येतं?"

"म्हणजे?"

"म्हणजे त्याला कशाकशातून माफी?"

"या गुन्ह्यातून. या प्रकरणात त्याच्यावर फौजदारी खटला चालणार नाही. अट एकच, सगळं खरं सांगायचं. काही दडवलं तर माफी रद्द, आणि तो परत पिंजऱ्यात."

"आणि त्याची डॉक्टरकी?"

वकीलबाईंनी मान वर केली. "ते वैद्यक परिषदेचं काम. कोर्टाच्या माफीशी त्याचा संबंध नाही." मग म्हणाल्या, "तुमच्या डोक्यात काय आहे?"

"काही नाही," ती म्हणाली. "विरोध करत नाही म्हणून कळवा."

बाहेर पडल्यावर सासूबाई तिच्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. बसमध्येही नाही. घराचं कुलूप काढताना एवढंच म्हणाल्या, "तू विकलंस माझ्या पोराला."

"नाही आई. डॉक्टरचा हिशोब उधारीवर ठेवलाय."

सासूबाईंनी तिच्याकडे नीट बघितलं, आणि किती तरी दिवसांनी त्यांच्या ओठाचा एक कोपरा हलला. "धंदा दातांचा ना तुझा. म्हणूनच कुणावर तरी कायम दात असतो."

साक्षीच्या दिवशी कोर्टाची खोली खचाखच भरली होती. जागा मिळावी म्हणून त्या दोघी झाडूवाला आत असतानाच येऊन पहिल्या बाकावर बसल्या होत्या. साहेबांना वयामुळे गादीची खुर्ची दिली होती. ते आले, चारही बाजूंना नमस्कार केला, जणू मतं मागायला आलेत. सासूबाईंकडेही हसून बघितलं त्यांनी. सासूबाईंनी तब्येत तपासली. ठणठणीत होती.

डॉक्टर साक्षीदाराच्या कठड्यात उभे राहिले. माईक खरखरत होता. सरकारी वकिलांनी नाव, हुद्दा वगैरे विचारून झाल्यावर पहिला खरा प्रश्न टाकला.

"मृतदेह तुमच्याकडे आणला तेव्हा त्याची अवस्था काय होती?"

डॉक्टर पाणी प्यायले. "मृतदेह आणला नव्हता."

"म्हणजे?"

"त्याला आणलं तेव्हा तो जिवंत होता."

सरकारी वकिलांच्या हातातला कागद तसाच राहिला. त्यांनाही हे नवीन होतं. साहेबांच्या चेहऱ्यावरचं हसू मावळायला मात्र वेळ लागला, कारण ते त्यांनी सवयीनं लावून ठेवलेलं होतं.

डॉक्टर एकसुरी आवाजात सांगत गेले. पोलिसांची गाडी रुग्णालयाच्या मागच्या दाराशी आली. बरगड्या मोडलेल्या, तळपाय सुजून काळे पडलेले, पोटात रक्तस्राव. पण श्वास चालू होता. मी ऑपरेशनची तयारी करायला सांगणार होतो. तेवढ्यात पोलीस अधिकाऱ्यानं फोन माझ्या कानाला लावला.

"फोनवर कोण होतं?"

"साहेब. त्यांच्या तपासणीला मी नेहमी बंगल्यावर जायचो. आवाज ओळखण्यात चूक होणं शक्य नाही."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, हा माणूस हॉस्पिटलात भरती झालेला मला नकोय. मी म्हटलं, साहेब, तो जिवंत आहे." डॉक्टर थांबले. "ते म्हणाले, मग थांबा."

"मग तुम्ही काय केलंत?"

"थांबलो."

"म्हणजे काय केलंत?"

"शेजारच्या खोलीत बसलो. मधून मधून जाऊन बघत होतो."

"ऑपरेशन केलं असतं तर वाचला असता?"

"वाचला असता."

तिला आपले हात दिसत होते, मांडीवर ठेवलेले, पण ते आपले आहेत असं वाटत नव्हतं. इतकी वर्षं ती समजत होती की पाना कोठडीत गेला. त्याच्या शेवटच्या वेळी आजूबाजूला मारणारेच होते, असंच तिनं मनाशी धरलं होतं. हात दिला तर वाचवू शकेल असा माणूस भिंतीपलीकडे बसून होता, हे तिच्या वाईटात वाईट विचारातही कधी आलं नव्हतं.

शेजारी सासूबाई उभ्या राहिल्या. "पाणी मागितलं का हो त्यानं?"

"आजी, खाली बसा," न्यायाधीश म्हणाले. आवाज चढवून नाही, पण म्हणाले. सासूबाई बसल्या नाहीत. तिनं हात धरून त्यांना खाली बसवलं. सरकारी वकिलांनी मागे वळून त्या दोघींकडे बघितलं, मग साक्षीदाराकडे.

"जखमीनं पाणी मागितलं होतं का?"

"हो."

"दिलंत?"

डॉक्टर कठड्याच्या लाकडाकडे बघत राहिले.

"उत्तर द्या," न्यायाधीश म्हणाले. "माफीची अट तुम्हाला ठाऊक आहे."

"नाही दिलं."

"आणि या सगळ्याच्या बदल्यात तुम्हाला काय मिळालं?"

"मी घाबरलो होतो. माझी मुलं लहान..."

"काय मिळालं?"

डॉक्टरांनी तिच्याकडे बघितलं. ती पापणीही न हलवता बघत होती. "हॉस्पिटलसाठी सरकारी जागा," ते म्हणाले.

साहेबांच्या वकिलानं उलटतपासणीत जंग जंग पछाडलं. "तुम्ही या बाईंच्या लॅबमध्ये गेला होता, खरं की नाही?"

"खरं आहे."

"काय ठरलं तिथे?"

"काही नाही. त्यांनी मला हाकलून दिलं." मागच्या बाकांवर कुणी तरी खुदकन हसलं. तो मुद्दा तिथेच बारगळला.

मधल्या सुट्टीत वकीलबाई तिला व्हरांड्याच्या टोकाला घेऊन गेल्या. "साहेब आता गेलेच समजा. आधी आपल्याकडे खोटा अहवाल होता. आता जिवंत माणसाला मरू द्यायचा हुकूम आहे. हा सरळ खून आहे."

"आणि डॉक्टर?"

वकीलबाई हातातली फाईल चाळायला लागल्या.

"त्यानंही खूनच केला ना?"

"केला. पण आपण होऊन सांगितला. माफी त्यालाही लागू. लपवला असता आणि मागून कळलं असतं, तर अडकला असता. त्याच्या वकिलानं त्याला नीट समजावलं असणार."

"म्हणजे जितकं भयंकर सांगेल तितका तो सुरक्षित."

"हो."

ती बाथरूममध्ये गेली, नळ पूर्ण सोडला आणि पाण्याच्या आवाजात साक्षीदाराच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. आपल्याला इतक्या शिव्या येतात हे तिला त्या दिवशी कळलं. मग तोंड धुऊन ती परत बाकावर येऊन बसली. यापुढचं एकही वाक्य तिला चुकवायचं नव्हतं.

साहेबांना जन्मठेप झाली. निकाल वाचून होताच त्यांचे लोक घोषणा द्यायला लागले, पोलिसांनी त्यांना बाहेर काढलं. साहेबांना नेत होते तेव्हा वाट पहिल्या बाकासमोरूनच जात होती. ते तिच्यापुढे थांबले. म्हातारे दिसत होते. हात जोडून म्हणाले, "बाई, मी तुमच्या नवऱ्याला ओळखतही नव्हतो."

"आता ओळख होईल," ती म्हणाली. "रोज सकाळी उठलात की आठवेल."

सासूबाईंनी मात्र दोन्ही हातांनी त्यांची बाही धरली. "तब्येत सांभाळा," त्या अगदी मनापासून म्हणाल्या. "खूप जगा." पोलिसांना त्यांची बोटं सोडवावी लागली.

त्या संध्याकाळी डेपोतली जुनी माणसं घरी आली. कुणी रडलं, कुणी सासूबाईंच्या पायाशी बसून राहिलं. जो तो म्हणत होता, आता सुटलात, आता निवांत व्हा. ती सगळ्यांना चहा देत होती आणि हो हो म्हणत होती. दुसऱ्या दिवशी लॅब उघडण्याआधी ती वकीलबाईंकडे गेली.

"डॉक्टरच्या साक्षीची नक्कल हवीय. शिक्क्यासकट."

वकीलबाईंच्या सगळं लक्षात आलं. "मला वाटलं होतं, तुम्ही त्याला माफ केलंत."

"मी कधी म्हटलं तसं?"

तिच्या तक्रारीची सुनावणी लागली त्या वैद्यक परिषदेच्या सभागृहात भिंतीवर माजी अध्यक्षांच्या तसबिरी होत्या. त्यांतली एक डॉक्टरांची स्वतःची होती. अर्धवर्तुळाकार टेबलामागे बसलेल्या सदस्यांपैकी बरेच जण त्यांच्या हाताखाली शिकलेले. डॉक्टर आत आले तेव्हा दोघं तिघं नकळत उठून उभे राहिले आणि मग कसनुसे होऊन बसले.

डॉक्टर शांत होते. "मी न्यायालयात सत्य सांगितलंय. न्यायालयानं मला माफी दिलीय. एकाच गोष्टीसाठी मला पुन्हा पुन्हा..."

"कोर्टानं दिली," ती म्हणाली. "मी दिली नाही. आणि मी गुन्ह्याबद्दल आलेच नाहीये. मी पेशंटबद्दल आलेय. तो यांचा पेशंट होता."

अध्यक्षांनी चष्मा सारखा केला. "बाई, सरांची सगळी कारकीर्द बघता, इतक्या जुन्या एका..."

"मी एकच वाचून दाखवते. मग तुम्ही ठरवा." तिनं नक्कल उघडली आणि सरकारी वकिलांचे प्रश्न नि डॉक्टरांची उत्तरं, आवाज न चढवता वाचली. थांबलो. शेजारच्या खोलीत बसलो. वाचला असता. नाही दिलं. मग कागद मिटला. "यांच्या जागी तुमच्यातलं कुणी असतं, तर काय केलं असतं?"

टोकाला बसलेली एक तरुण डॉक्टरीण तेवढी म्हणाली, "पाणी तरी दिलं असतं." ते तिला बोलायचं नसावं. तोंडातून गेलं. पण त्यानंतर त्या टेबलामागचं कुणीच डॉक्टरांच्या नजरेला नजर देईना.

परवाना कायमचा रद्द झाला. आदेश तिथेच वाचून दाखवला तेव्हा डॉक्टरांनी भिंतीवरच्या स्वतःच्या तसबिरीकडे बघितलं. साहेबांना शिक्षा झाली तेव्हा तिला फक्त थकवा आला होता. आता मात्र आतून काही तरी गरम, गोड असं वर आलं. लाज वाटेल म्हणून तिनं जरा वाट पाहिली. लाज वाटली नाही.

व्हरांड्यात डॉक्टरांनी तिला गाठलं. "मी नसतो तर साहेब सुटले असते. हे तुम्हाला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे."

"मग हे का?"

"तुम्ही थांबलात म्हणून," ती म्हणाली आणि व्हरांड्याच्या टोकाशी बाकावर बसलेल्या सासूबाईंना घ्यायला गेली.

हॉस्पिटल दुसऱ्या कंपनीनं घेतलं. नावाचा फलक उतरवणार असल्याचं तिला एका दवाखान्यातल्या पोऱ्याकडून नव्हे, चक्क डॉक्टरांच्या जुन्या रिसेप्शनिस्टकडून कळलं. ती आता पुढच्या एका दातांच्या दवाखान्यात कामाला होती; तयार कवळी न्यायला आली आणि सहज बोलता बोलता बोलून गेली. रिसेप्शनिस्ट गेल्यावर तिनं लॅबला कुलूप लावलं आणि घरी फोन केला. "आई, साडी बदला. बाहेर जायचंय."

रस्त्याच्या पलीकडे टायरच्या दुकानाशी त्या दोघी उभ्या राहिल्या. हॉस्पिटलच्या दर्शनी भिंतीला शिडी लावून एक कामगार पितळी अक्षरांचे बोल्ट सैल करत होता. पहिलं अक्षर निघालं ते त्यानं खालच्या माणसाकडे झेलायला टाकलं. खालच्याचा हात चुकला, आणि अक्षर फुटपाथवर पडून घरंगळत गेलं. येणारेजाणारे बाजूनं वाट काढत होते. वर बघायला कुणाला सवड नव्हती.

सासूबाई डोळ्यांवर आडवा हात धरून बघत होत्या. मग त्या वळून टायरवाल्याला म्हणाल्या, "दादा, बसायला काही आहे का? गुडघे दुखतात माझे."

"कुणाला भेटायचंय का आजी समोर?"

"नाही. नुसतं बघायचंय."

टायरवाल्यानं एक स्टूल बाहेर आणून ठेवलं. सासूबाई पदर सावरून त्यावर ऐसपैस बसल्या. ती त्यांच्या मागे, खांद्यावर हात ठेवून उभी राहिली. शिडीवरच्या माणसानं दुसऱ्या अक्षराला पाना लावला. बोल्ट गंजलेला होता, जागचा हलेना.

"घाई करू नको रे बाबा," सासूबाई स्वतःशीच पुटपुटल्या. "आम्हाला कुठे जायचं नाहीये."